आरोपीच्या पिंजऱ्यातील देह: ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ह्या चित्रपटाविषयी

१

कामवासना आणि खटला ह्यांची सांगड घालणाऱ्या थरारपटाचा साचा आता सर्वपरिचित आहे. आरोपी बहुधा स्त्री असते, देखणी असते, आणि तिने काय केले ह्यापेक्षा ती कशी आहे ह्यावरच तिचा निवाडा होत जातो. ‘बॉडी ऑफ एव्हिडन्स’ (१९९३) ह्या अमेरिकन चित्रपटात तर आरोपी स्त्रीचे शरीर हेच खुनाचे हत्यार, असा सरकारी पक्षाचा दावा आहे. एरवी चारचौघांत विचारता येणार नाहीत असे प्रश्न न्यायालयात उजळ माथ्याने विचारता येतात, आणि ते ऐकणाऱ्या प्रेक्षकालाही सत्यशोधनाचे समाधान मिळते. ह्या चित्रप्रकाराचे सारे आकर्षण ह्या सवलतीत आहे.

मराठीत हा प्रकार रुजला नाही, असे सामान्यतः मानले जाते. उघड्या देहाचा पडदाभर वावर हीच त्याची खूण मानली, तर ते खरेही आहे. परंतु त्याची खरी खूण देह नसून देहाविषयीची चौकशी आहे, असे मानले तर १९७१ सालचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हा चित्रपट ह्या प्रकाराच्या अगदी मध्यभागी येऊन उभा राहतो. त्यात खटला आहे, रहस्य आहे, टप्प्याटप्प्याने उलगडणारे अनैतिक (म्हणजे तसे ठरवलेले) संबंध आहेत, आणि शिक्षाही आहे. नाही ते फक्त नग्नतेचे दृश्य. विजय तेंडुलकरांच्या नाटकाची चर्चा आपल्या वर्गांतून पुष्कळ होते. चित्रपटाची त्या मानाने कमी होते. त्याचा विचार ह्या चित्रप्रकाराच्या इतिहासात ठेवून करावा, त्याची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही तपासाव्यात, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

२

मुंबईतील गाजलेले खटले आणि पडदा ह्यांचे नाते मूकपटाइतके जुने आहे. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिल येथे अब्दुल कादिर बावला ह्या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्याबरोबर मुमताज बेगम होती. ती इंदूर दरबार सोडून आली होती. खटल्याने इतके मोठे रूप घेतले की महाराज तुकोजीराव होळकरांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. त्याच वर्षी, म्हणजे १९२५ मध्येच, कोहिनूर कंपनीने होमी मास्टर ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ हा मूकपट ह्या प्रकरणावर काढला. बातमी शिळी होण्याआधी तिचे दृश्य झाले.

१९५९ च्या नानावटी खटल्याने ह्या नात्याला आधुनिक वळण दिले. नौदलातील अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो निर्णय अमान्य करून जन्मठेप दिली, आणि ती १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीच्या बाजूने मोहीमच उघडली होती. ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३) आणि ‘अचानक’ (१९७३) हे हिंदी चित्रपट ह्या घटनेच्या आधाराने निघाले, तर मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांनी ‘अपराध मीच केला’ लिहिले. पुढे २०१६ मध्ये ‘रुस्तम’ आला.

ह्या कलाकृतींत एक गोष्ट समान दिसते. खटला पुरुषाचा असतो. स्त्री त्या खटल्याचे ‘कारण’ असते. तिचे वागणे हा पुरुषाच्या कृत्याचा खुलासा असतो, आणि प्रेक्षकाची सहानुभूती फसवल्या गेलेल्या पुरुषाभोवती गोळा होते. कायद्याची बैठकही हीच होती. भारतीय दंडविधानातील व्यभिचाराचे कलम ४९७ हे पतीच्या हक्काचे कलम होते. परपुरुषावर खटला भरता येई, पत्नीला आरोपी करता येत नसे, आणि पतीच्या बाहेरख्यालीपणाविरुद्ध पत्नीला त्या कलमाखाली तक्रारही करता येत नसे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले.

दुसरीकडे वाङ्मय स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या लेखकाची सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मुक्तता केली. अश्लीलतेच्या खटल्यात एक विनोद अंगभूतच असतो: ज्या मजकुराने समाज बिघडेल अशी भीती असते, तोच मजकूर न्यायाधीशांपासून वकिलांपर्यंत सर्वांना बारकाईने, ओळ न ओळ वाचावा लागतो. निषेध आणि आस्वाद ह्यांतील सीमारेषा तेथे फार पातळ होते. तेंडुलकरांच्या नाटकाला आणि त्यावरील चित्रपटाला हीच पातळ सीमारेषा सापडली आहे.

३

‘शांतता!’ हे नाटक १९६७ मध्ये अरविंद देशपांडे ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले. लीला बेणारे सुलभा देशपांडे ह्यांनी उभी केली. चार वर्षांनी सत्यदेव दुबे ह्यांनी त्यावर चित्रपट केला आणि बेणारेच्या भूमिकेत सुलभाताईंनाच घेतले. छायालेखक म्हणून गोविंद निहलानी ह्यांची कारकीर्द ह्या चित्रपटाने सुरू झाली. अमोल पालेकर आणि अमरीश पुरी हे पुढे फार मोठे झालेले नट त्यात आरंभीच्या भूमिकांत दिसतात.

कथानक वाचकांना ठाऊक आहे. तरी आमच्या मुद्द्यापुरते ते पुन्हा मांडतो. मुंबईतील एक हौशी मंडळ अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका खेडेगावात येते. रात्रीचा खटला अमेरिकेच्या जॉन्सन ह्यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल भरायचा आहे. एक नट आलेला नाही, म्हणून गावातील सामंत नावाच्या साध्या माणसाला उभे करायचे ठरते. सामंताने कोर्ट कधी पाहिलेले नाही. त्याला कोर्टाची रीत कळावी, म्हणून वेळ घालवण्यापुरता एक लुटुपुटीचा खटला करायचा. आरोपी शिक्षिका बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. हा खेळ पाहता पाहता खरा होतो. प्राध्यापक दामले ह्या विवाहित, मुलाबाळांच्या माणसापासून बेणारेला दिवस गेले आहेत, हे साक्षीमागून साक्षीत उघड होते. न्यायाधीश झालेला काशीकर शेवटी निकाल देतो की गर्भ नष्ट करण्यात यावा.

हा खटला सामंतासाठी उभा राहतो, ह्या तपशिलाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हांला वाटते. परभणी जिल्ह्यात बसून साहित्याचा विचार करणाऱ्या आम्हांला तो टाळता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील न्यायालयांची भाषा उर्दू होती. शेत मराठीत कसायचे आणि त्याच शेताचा निकाल उर्दूत ऐकायचा, अशी येथील कुळाची आणि जमीनदाराचीही स्थिती होती. फिर्याद, मुद्दई, पेशी, तारीख हे शब्द घराघरांत रुळले. पण त्यांच्यामागची प्रक्रिया वकिलांच्या हाती राहिली. अशा ठिकाणी कोर्ट ही समजण्याआधी पाहण्याची गोष्ट होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे बजावणारा समाज त्या पायरीवर काय चालते ह्याविषयी कमालीचा उत्सुक असतो. सामंत हा ह्या उत्सुकतेचा प्रतिनिधी आहे. मुंबईची सुशिक्षित मंडळी त्याला न्याय शिकवायला आली आहेत, आणि त्याला शिकायला मिळते ते एका बाईला कोंडीत कसे पकडावे हे. राज्य हौशी नाट्य स्पर्धेच्या परभणीसारख्या केंद्रावर नाटक पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला हे मंडळही परके वाटत नाही आणि सामंत तर मुळीच नाही.

४

आता बलस्थाने. पहिले बलस्थान रहस्यरचनेचे. थरारपटाला लागणारी सगळी सामग्री येथे पहिल्या काही क्षणांतच प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर पेरलेली असते: दाराची कडी आणि त्यात चेंगरलेले बेणारेचे बोट, शाळेविषयीचे तिचे अति उत्साहाने केलेले बोलणे, दामल्यांची गैरहजेरी. पुढे पोंक्षेच्या साक्षीत विषाची बाटली येते, रोकडेच्या साक्षीत लग्नाची विनवणी येते, आणि काशीकर तर न्यायासन सोडून साक्षीदाराच्या जागी येतो. बेणारे पळून जाऊ पाहते तेव्हा तीच कडी बाहेरून लागलेली असते. एकही वस्तू वाया जात नाही. येथे प्रेक्षकाचा ‘पुढे काय’ हा प्रश्न बेणारेच्या दुःखावर पोसला जातो, आणि हे त्याला उशिरा उमगते.

दुसरे बलस्थान आमच्या मते अधिक मोलाचे आहे. नेहमीच्या कामुक कोर्टपटात कॅमेरा उत्तर देणाऱ्या स्त्रीकडे पाहतो. येथे पाहण्याजोगे चेहरे प्रश्न विचारणाऱ्यांचे आहेत. वकिलीत न चाललेला सुखात्मे, मूल नसलेले काशीकर दांपत्य, शास्त्रज्ञ म्हणवून घेणारा इंटर नापास पोंक्षे, प्रायोगिक म्हणवणारा कर्णिक, दुसऱ्याच्या अन्नावर वाढलेला रोकडे: प्रत्येकाची हार त्याच्या प्रश्नात उतरते. तिचे वय, तिचे अविवाहित असणे, तिचे मोकळे हसणे ह्यांविषयी बोलताना ह्या माणसांना जो रस सुटतो, तोच ह्या चित्रपटातील खरा कामुक भाग आहे. रंगमंचावर सगळी पात्रे एकाच वेळी समोर असतात आणि कोठे पाहावे हे प्रेक्षक ठरवतो. चित्रपटात ही निवड दिग्दर्शक करतो, आणि जवळून दिसणारा साधा, मध्यमवर्गीय, ओळखीचा चेहरा ह्या रसास्वादाचा पुरावा बनतो.

ह्या संदर्भात फ्रीडरिश ड्युरेनमॅट ह्यांच्या ‘डी पाने’ (१९५६) ह्या कथेशी होणारी तुलना उद्बोधक आहे. तेथेही निवृत्त न्यायाधीश-वकील वेळ घालवण्यासाठी खटला खेळतात, आणि वरिष्ठाच्या पत्नीशी संबंध ठेवून त्या वरिष्ठाच्या मृत्यूला कारण झालेला एक फिरता विक्रेता आरोपी होतो. परंतु त्या पुरुषाला आपला अपराध भूषणावह वाटू लागतो. खुनी ठरल्याने त्याच्या क्षुद्र आयुष्याला उंची येते. बेणारेला अशी उंची मिळण्याची सोयच नाही. तोच खेळ पुरुषाला नायकपद देतो आणि स्त्रीला उघडे पाडतो.

तिसरे बलस्थान सामंताच्या साक्षीचे. सामंताला साक्ष द्यायची असते, पण सांगण्यासारखे काहीच नसते. तेव्हा तो हातातल्या लोकप्रिय कादंबरीतला प्रसंग उचलतो आणि दामल्यांच्या खोलीत आपण काय ऐकले ते रचून सांगतो. ह्या रचलेल्या साक्षीचा घाव नेमका खऱ्या जागी बसतो. म्हणजे ह्या कोर्टपटाच्या आत एक स्वस्त कोर्टपट दडलेला आहे, आणि आतला बाहेरच्याला पुरावा पुरवतो. तेंडुलकरांनी येथे लोकप्रिय कादंबरीला हसून सोडून दिलेले नाही. अशा कथांतील फसवलेली बाई, टाकून जाणारा पुरुष, विनवणी, धमकी हे साचे वास्तवाशी इतके जुळतात, कारण वास्तवातले पुरुषही त्याच साच्याने वागतात. सामंताच्या मनात द्वेष नाही. तो फक्त वाचलेले सांगतो. म्हणूनच त्याची निरागसता भीतिदायक आहे. ‘श्यामा’सारख्या कथेने समाज बिघडतो की नाही ह्यावर न्यायालये वर्षानुवर्षे खल करत होती, ते वाचन एका माणसाविरुद्ध वापरले जाते तेव्हा काय होते, हा प्रश्न ह्या चित्रपटाने विचारला.

५

उणिवांचा विचार करताना पहिली गोष्ट कायद्याची. बेणारेवर दंडविधानाचे कलम ३०२ लावले जाते, ते खुनाचे कलम आहे. गर्भपाताविषयीचे कलम ३१२ होते. ही मंडळी कायद्यात कच्ची आहेत, असे म्हणून हे सोडून देता येईल, आणि भ्रूणहत्येच्या आरोपावर भ्रूणहत्येचीच शिक्षा हा उपरोध तर अचूक आहे. पण खरा कायदा बेणारेला कोठे उभे करतो, हे दाखवण्याची संधी कलाकृतीने घेतलेली नाही. अविवाहित स्त्रीचा विवाहित पुरुषाशी संबंध हा तेव्हाही गुन्हा नव्हता. चित्रपटाच्याच वर्षी, १९७१ मध्ये, वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. मात्र संततिनियमनाचे साधन निकामी ठरल्याचे कारण त्यात केवळ विवाहित स्त्रीसाठी नमूद होते. ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द यायला २०२१ ची दुरुस्ती लागली. खऱ्या न्यायालयाने बेणारेला आरोपी केले नसते आणि खऱ्या कायद्याने तिच्या अडचणीची दखलही घेतली नसती. ही दुहेरी उपेक्षा चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहते.

दुसरी उणीव दामल्यांची. त्यांची रिकामी खुर्ची हे नाटकातील प्रभावी चिन्ह आहे. त्यांना साक्षीदार मानले जाते, आरोपी कोणी मानत नाही, ह्यातच समाजावरील टीका आहे. तथापि, ज्याच्या विद्वत्तेची बेणारेने पूजा केली तो माणूस नेमका कसा होता, तिला त्यात काय मिळाले, ह्याचा अनुभव आपल्याला येत नाही. परिणामी तिची वासना आपल्याला तिच्या पश्चात्तापातूनच कळते, तिच्या आनंदातून कळत नाही. कामुकतेविषयीच्या चित्रपटात स्त्रीच्या सुखाला जागा नसावी, ही साधी उणीव नव्हे.

तिसरी उणीव शेवटच्या स्वगताची. सुलभा देशपांडे ह्यांचा आवाज, त्यांच्या हसण्यातून फुटणारे रडणे, क्षणात बाई आणि क्षणात मुलगी होणारा त्यांचा चेहरा ह्यांविषयी जेवढे बोलावे तेवढे थोडे. तरीही रंगमंचावर काळ थांबवून बोलले जाणारे हे स्वगत वास्तवदर्शी पडद्यावर परके वाटते. चित्रपटाने तोपर्यंत जे बंद खोलीतले वास्तव उभे केले, त्याचा नियम येथे मोडतो. शिवाय त्या स्वगताचा कल असा की पोटातल्या मुलामुळे ह्या देहाला पुन्हा किंमत आली. वासनेची मुक्तता मातृत्वात होते, ही धारणा बेणारेला आरोपी ठरवणाऱ्यांच्या धारणेपासून फार दूर नाही. पात्राची म्हणून ती समजू शकते. पण तिला छेद देणारा दुसरा आवाज चित्रपटात नाही.

चौथी उणीव एकसुरीपणाची. सगळे एकाच दिशेने चाल करून जातात. एखाद्याचा पाय मागे सरला असता, कोणाला क्षणभर लाज वाटली असती, तर क्रौर्य अधिक खरे झाले असते. सामंताची दया मात्र शेवटपर्यंत उरते. परंतु ती अबोल आणि निरुपयोगी आहे.

६

ह्या उणिवा मान्य करूनही चित्रपटाचे इतिहासातील स्थान कमी होत नाही, कारण त्याने सांगितलेली गोष्ट लवकरच खऱ्या न्यायालयात घडली. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. हे प्रकरण ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखले जाते. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. ह्या प्रवासात त्या मुलीचे पूर्वीचे लैंगिक आयुष्य निर्णायक महत्त्वाचे मानले गेले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर चर्चा पेटली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे दुर्वर्तनी असल्याचे दाखवण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील कलम पुढे वीस वर्षे जिवंत राहिले. २००२ च्या दुरुस्तीने ते काढून टाकण्यात आले. सुखात्म्यांचे प्रश्न केवळ लुटुपुटीचे नव्हते.

नंतरच्या चित्रपटांशी तुलना केली म्हणजे ‘शांतता!’चे वेगळेपण आणखी स्पष्ट होते. ‘पिंक’ (२०१६) ह्या हिंदी चित्रपटात तरुणीला तिच्या कौमार्याविषयीचा प्रश्न तिचाच वयोवृद्ध, सहृदय वकील विचारतो. हेतू उदात्त आहे. पण भरल्या न्यायालयात उत्तर ऐकण्याची प्रेक्षकाची उत्सुकता तशीच भागवली जाते, आणि वर आपण योग्य बाजूला असल्याचे समाधानही पदरी पडते. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) ह्या चित्रपटाने दुसरा मार्ग घेतला: तारखा, कंटाळा, कागद ह्यांनी भरलेले कनिष्ठ न्यायालय दाखवून त्याने थरारच काढून टाकला. ‘शांतता!’ ह्या दोहोंपेक्षा वेगळी वाट धरतो. तो थरार काढून घेत नाही आणि प्रेक्षकाला योग्य बाजूला उभे राहण्याची सोयही करून देत नाही. तो आपल्याला सामंताशेजारी बसवतो, कोर्ट म्हणजे काय ते शिकण्यासाठी.

म्हणून वर्गात हा चित्रपट दाखवताना बेणारे दोषी की निर्दोष, हा प्रश्न आम्हांला गौण वाटतो. त्याचे उत्तर पहिल्या पाच मिनिटांत सर्वांना ठाऊक असते. विद्यार्थ्यांना विचारावे ते असे: पोंक्षे साक्षीला उभा राहिला तेव्हा तुम्हांला त्याने थांबावे असे वाटत होते, की सांगावे असे? प्रामाणिक उत्तर बहुधा दुसरे असते. ह्या उत्तरापासून चर्चा सुरू झाली, तर तेंडुलकरांचा उपरोध काशीकर-सुखात्म्यांपाशी थांबत नाही. तो हातात कादंबरी घेऊन बसलेल्या वाचकापर्यंत, म्हणजे आपल्यापर्यंत, येऊन पोहोचतो.